समाजमाध्यमे आणि तरुणांचे भावजीवन

सायंकाळी सातच्या सुमारास अंधेरीहून बोरिवलीकडे निघालेल्या धीम्या गाडीत एखादी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी चढते. पाय टेकायला जागा मिळाली आणि एक हात वरच्या कडीत अडकला, की दुसऱ्या हातातला मोबाइल डोळ्यांसमोर येतो. जोगेश्वरी येण्यापूर्वी तिने मैत्रिणीच्या साखरपुड्याची छायाचित्रे पाहिलेली असतात. गोरेगावला कुठल्याशा अपघाताचे चलचित्र, मालाडला एका नकलाकाराची नक्कल, मग कोणी कोणाला घातलेल्या शिव्या, आणि कांदिवली सुटता सुटता आपल्याच वर्गातल्या पाचजणी आपल्याला न विचारता लोणावळ्यास जाऊन आल्याचे हसरे चित्र. बोरिवलीचा पूल चढेपर्यंत, स्वतः काल टाकलेल्या छायाचित्राला किती जणांची पसंती मिळाली, हेही दोनदा पाहून होते. घरी आई विचारते, "काय गं, आज एवढी गप्प का?" मुलगी म्हणते, "काही नाही गं, मूड ऑफ आहे."

या वीस-पंचवीस मिनिटांत त्या मुलीच्या मेंदूत काय घडले असेल, एवढाच आजचा प्रश्न आहे. पालकांच्या बैठकीत त्याचे एक उत्तर तयार असते : मोबाइलने पोरांचे मेंदू पार बिघडले. पोरांच्या घोळक्यात दुसरे उत्तर तयार असते : तुमच्या लहानपणी नाटक-सिनेमाविषयीही वडीलधारी मंडळी हेच म्हणत होती. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांना मेंदूचे काम कसे चालते हे पाहण्याची गरज वाटलेली नसते. आपण थोडे ते पाहू.

नाटकाचा विषय निघालाच आहे, तर तेथूनच सुरुवात करतो. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव सांगितले आणि तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले. व्यभिचारी म्हणजे येणारे-जाणारे. शंका, लज्जा, चिंता, असूया हे सारे पाहुणे. ते येतात, घरच्या भावाला पोसतात आणि जातात. शोक रंगभूमीवर उभा राहायचा तर त्याला कारण लागते, परिस्थिती लागते, आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. आपले संगीत नाटक एकेकाळी पहाटेपर्यंत चालायचे, ते काही प्रेक्षकांना दुसरे काम नव्हते म्हणून नव्हे. (अर्थात काहींना नसेलही!) आता त्या मुलीच्या हातातल्या पडद्याकडे पाहा. तेथे पाहुण्यांची नुसती रांग लागलेली आहे, आणि घरात कोणी बसूच शकत नाही. प्राचीनांना मेंदूचे चित्र काढता येत नव्हते; पण भावनेला परिपाक लागतो, हे त्यांना ठाऊक होते. हा परिपाक मेंदूत कोठे आणि कसा होतो, याविषयी गेल्या तीस-चाळीस वर्षांत बरेच कळले आहे.

आपल्या दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, बदामाएवढा एकेक पेशीसमूह असतो. त्याचे शास्त्रीय नाव अमिग्डाला, आणि त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही बदाम असाच आहे. जोसेफ लेडू या अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, धोक्याच्या आवाजाची वर्दी या बदामापर्यंत दोन वाटांनी पोहोचते. एक आडवाट आहे, जवळची आणि घाईची. दुसरी मेंदूच्या बाह्य थरांतून वळसा घेऊन येते. तिला वेळ लागतो, पण ती नीट चौकशी करून येते. फलाटाच्या कडेला उभे असताना अचानक भोंगा वाजला, की पाय आधी मागे सरतात आणि काय वाजले हे मागाहून कळते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. हे मागे सरणे म्हणजे भीती नव्हे, असे लेडू यांनीच पुढे बजावून सांगितले. तो शरीराचा बचाव झाला. 'मला भीती वाटली' ही जाणीव बाह्य थरांत, मागाहून, जुळवून तयार होते.

तेव्हा भावनेचे काम दोन टप्प्यांनी होते, असे ढोबळमानाने म्हणता येईल. पहिला टप्पा झटक्याचा. छाती धडधडते, गाल तापतात, हसू फुटते. दुसरा टप्पा अर्थ लावण्याचा. हे काय झाले, कोणामुळे झाले, एवढे मनाला लावून घेण्याजोगे आहे का. या दुसऱ्या टप्प्याचे पुष्कळसे काम कपाळामागच्या भागाकडे असते. हा भाग सर्वांत उशिरा परिपक्व होतो. त्यातील तंतूंवर मेदाचे आवरण चढण्याचे आणि इतर भागांशी त्याचे धागे पक्के होण्याचे काम पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू राहते. म्हणजे अठरा वर्षांचा मुलगा मतदान करू शकतो, त्याचा बदाम पुरता कामाला लागलेला असतो, पण कपाळामागची जोडणी मात्र अजून चालू असते. याचा अर्थ तो विवेकशून्य असतो असा मुळीच नाही. निवांतपणी विचारले तर तो आपल्याइतकेच शहाणपणाचे उत्तर देतो. घाईत, आणि चारचौघांच्या देखत, त्याचा तोल अधिक लवकर जातो, इतकेच. समाजमाध्यम म्हणजे नेमके घाई आणि चारचौघे!

फेसबुकवर पसंतीचे बटण आले ते २००९ च्या फेब्रुवारीत. २०१० साली इन्स्टाग्राम आले आणि तेथे अंगठ्याऐवजी लाल बदाम आला. पडद्यावरचा हा बदाम मात्र कानशिलातल्या बदामापेक्षा मेंदूतल्या दुसऱ्याच एका केंद्राला अधिक हलवतो. ते केंद्र मेंदूच्या तळाशी आहे. न्यूक्लियस अकम्बन्स हे त्याचे नाव, आणि सुखाची अपेक्षा व लाभ यांच्याशी त्याचा संबंध आहे. २०१६ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लॉरेन शर्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा ते अठरा वयाच्या ३२ मुलामुलींना चुंबकीय चित्रणाच्या यंत्रात निजवून त्यांची स्वतःची आणि इतरांची छायाचित्रे दाखविली. प्रत्येक छायाचित्राखाली पसंतीचा आकडा होता. आकडा समवयस्कांचा आहे, असे मुलांना सांगितले होते. प्रत्यक्षात तो संशोधकांनीच घातलेला होता. आपल्या छायाचित्राखाली मोठा आकडा दिसला की हे केंद्र अधिक जागे होई. त्याहून विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. इतरांच्या छायाचित्राखाली आकडा मोठा असेल, तर मुले स्वतःही त्याला पसंती देत. आणि छायाचित्र धूम्रपानासारख्या धोक्याच्या गोष्टीचे असले, तर ते पाहताना आवर घालणाऱ्या भागांचे काम मंदावलेले दिसे.

अशी चित्रणे वर्तमानपत्रांत छापून आली की लगेच मथळा येतो : मोबाइल म्हणजे अफू. येथे जरा थांबले पाहिजे. हेच केंद्र आवडता पदार्थ पाहून जागे होते आणि पैज जिंकल्यावरही होते. ते जागे झाले म्हणजे रोग झाला, असे नाही. खरा मुद्दा पसंतीच्या अनिश्चितपणाचा आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवरील प्रयोगांतून दाखविले की, डोपामिन या द्रव्याच्या पेशी फळांच्या रसाने सुखावून चेतत नाहीत. रस अपेक्षेबाहेर मिळाला तर चेततात, आणि अपेक्षित रस मिळाला नाही तर मंदावतात. ती सुखाची नोंद नसून अपेक्षा व प्राप्ती यांतल्या फरकाची नोंद असते. त्याच्या कितीतरी आधी स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून दाखविले होते की, दर वेळी दाणा मिळतो तेथे कबूतर जितक्या चिकाटीने चोच मारते, त्याहून अधिक चिकाटीने ते दाणा कधी मिळेल हे सांगता येत नाही तेथे मारते. पसंतीचा आकडा हा असा दाणा आहे. तो कधी येईल, किती येईल, कोणाकडून येईल हे ठाऊक नसते, म्हणून पुलाच्या पायऱ्यांवरही पुनःपुन्हा पाहावेसे वाटते. त्यात २००६ साली एझा रास्किन यांनी पानाला तळच नसेल अशी सोय शोधून काढली. तळ आला की माणूस थांबतो; तळ नाही म्हटल्यावर थांबावयाचे कोठे?

आता लोणावळ्याच्या छायाचित्राकडे वळू. कारण मला वाटते, त्या प्रवासातली सर्वांत खोल जखम तीच आहे.

किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले असताना दोन अनोळखी माणसांची चकती त्यांच्याकडे आली. त्यांनी ती परत फेकली. त्या दोघांनी पुन्हा त्यांच्याकडे फेकली, असे काही वेळ चालले, आणि मग काहीही न बोलता ते दोघे पुन्हा आपापसांतच खेळू लागले. विल्यम्सना स्वतःचेच आश्चर्य वाटले, इतके त्यांना वाईट वाटले. त्यावरून त्यांनी संगणकावरचा चेंडूचा एक खेळ बनविला. खेळणाऱ्याला वाटते, समोर आणखी दोन माणसे आहेत. थोड्या वेळाने ती त्याच्याकडे चेंडू टाकीनाशी होतात. २००३ साली नेओमी आयझेनबर्गर व सहकाऱ्यांनी हा खेळ चित्रणयंत्रात खेळविला. वगळले गेल्यावर मेंदूच्या ज्या भागात हालचाल दिसली, तो शारीरिक वेदनेच्या वेळीही जागा होणारा भाग होता. त्या प्रयोगात अवघी तेरा माणसे होती, आणि शरीराचे दुखणे व मनाचे दुखणे यांचे ठसे मेंदूत वेगळे ओळखता येतात, असे पुढील संशोधनाने दाखविले आहे. तेव्हा 'दोन्ही एकच' हे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरते. पण वगळले जाणे लागते, यात शंका नाही. समोर माणसे नसून यंत्रच चेंडू टाकत आहे, हे आधी सांगितले तरीही लोकांना वाईट वाटले, असे २००४ च्या प्रयोगात आढळले.

आयझेनबर्गर यांच्या प्रयोगातली एक बाब मात्र फारशी सांगितली जात नाही. ज्यांच्या मेंदूत कपाळामागचा उजवा, खालचा भाग अधिक कामाला लागला होता, त्यांना दुःख कमी झाले होते. म्हणजे झटका सर्वांना बसला; ज्यांना दुसऱ्या टप्प्याची मदत मिळाली, ते सावरले. आमच्या आईवडिलांच्या पिढीतही मैत्रिणी न सांगता सहलीला जातच होत्या. पण ते आठ दिवसांनी कोणाकडून तरी कळे, आणि कळल्यावर शाळेतून घरापर्यंत चालत जाण्यात अर्धा तास जाई. आजच्या मुलीला ते त्याच क्षणी, रंगीत छायाचित्रासह कळते, आणि कपाळामागचा भाग अर्थ लावायला सरसावतो न सरसावतो तोच बोट वर सरकते व मांजराच्या पिल्लाचे चलचित्र येते. दुःख गेले असे वाटते. ते गेलेले नसते, अर्धवट राहिलेले असते.

अर्थ लावणे म्हणजे काय, हे मुंबईकरांना प्रा. कि. मो. फडके यांनी मराठीतून उत्तम समजावून दिले आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या उपचारपद्धतीला 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून मराठी मनात रुजविण्यासाठी फडके यांनी आयुष्य वेचले, आणि एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून त्या शास्त्रातील कच्चे दुवे त्यांच्या नजरेस आणून दिले. त्या पद्धतीचे सूत्र असे की, घटनेतून थेट दुःख निर्माण होत नाही. मध्ये आपली समजूत असते. 'मला बोलावले नाही, वाईट वाटले' ही एक गोष्ट. 'मला सर्वांनी नेहमी बोलावलेच पाहिजे. बोलावले नाही म्हणजे मी कवडीमोलाची' ही दुसरी. पहिलीतून रुखरुख येते, दुसरीतून खिन्नता. ही मधली समजूत तपासायची तर ती आधी दिसली पाहिजे, आणि ती दिसण्यास क्षणभर पडदा बंद व्हावा लागतो. पसंतीचा आकडा या समजुतीला खतपाणीच घालतो, कारण 'माझी किंमत इतरांच्या मतावर' हे वाक्य तेथे चक्क अंकांत छापलेले असते. इन्स्टाग्रामने २०२१ साली हा आकडा झाकण्याची सोय सर्वांना दिली. किती मुलांना ती ठाऊक आहे, हे आपण घरी जाऊन विचारावे.

भावनेला नाव देणे हाही दुसऱ्या टप्प्याचाच भाग आहे. मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ साली काही लोकांना रागावलेले व घाबरलेले चेहरे दाखविले. चेहऱ्याखाली भावनेचे योग्य नाव निवडण्यास सांगितले, तेव्हा बदामाची खळबळ कमी झाली आणि कपाळामागच्या उजव्या भागाचे काम वाढले. त्याच चेहऱ्याला माणसाचे नाव निवडण्यास सांगितले, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. भावनेचा शब्द सापडणे हाच जणू लगाम होता. हे वाचले तेव्हा मला आपल्या भाषेची आठवण झाली. लोणावळ्याचे छायाचित्र पाहून त्या मुलीला जे वाटले, त्याला मराठीत किती शब्द आहेत! जायची फार इच्छा होती आणि जाता आले नाही, तर हिरमोड. आपणच आधी विचारायला हवे होते असे वाटत राहिले, तर चुटपुट. त्या पाचजणींत एक जिवाभावाची होती, तिने तरी सांगायला हवे होते, तर सल. त्यांचे हसणे बघवत नसेल, तर जळफळाट. आणि हे कबूल करायलाही धैर्य लागते. नुसतेच कशाची तरी उणीव वाटत असेल, तर हुरहुर. प्रत्येक शब्दाबरोबर पुढे काय करावे हेही थोडेफार ठरते; चुटपुट असेल तर फोन करावा, सल असेल तर भेटून बोलावे. 'मूड ऑफ' यातून काहीच ठरत नाही. दिव्याचे बटण जसे चालू नाहीतर बंद, तसे मनाचे करून टाकलेले आहे.

रात्रीचे एक सांगितले पाहिजे. २००७ साली झालेल्या एका प्रयोगात एक रात्र जागविलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रे दाखविली, तेव्हा त्यांच्या बदामाची प्रतिक्रिया नीट झोपलेल्यांच्या तुलनेत सुमारे साठ टक्क्यांनी अधिक तीव्र होती, आणि कपाळामागच्या भागाशी त्याचा संबंध सैल पडला होता. उपनगरातल्या मुलांना सकाळची गाडी चुकवता येत नाही. रात्री एकपर्यंत अंथरुणात पडदा उजळत राहिला, तर झोप सकाळच्या बाजूने वाढवून घ्यायला जागा नसते. माझ्या मते, मोबाइलमुळे होणाऱ्या भावनिक हानीचा मोठा वाटा पडद्यावरच्या मजकुरापेक्षा या गमावलेल्या झोपेचा आहे.

पण हानी किती, असे आपण विचाराल. येथे उत्तर मथळ्यांना न मानवणारे आहे. २०१९ साली एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली. डिजिटल साधनांचा वापर आणि मनाचे स्वास्थ्य यांचा संबंध उलट दिशेचा निघाला खरा, पण इतका क्षीण, की मुलामुलांच्या स्वास्थ्यातील फरकापैकी फार तर ०.४ टक्के त्याने उलगडत होते. फेसबुकने २०१२ च्या जानेवारीत ६,८९,००३ लोकांना न सांगता त्यांच्यापुढे येणाऱ्या मजकुरातला आनंदाचा वा दुःखाचा काही भाग कमी केला, आणि लोकांच्या लिहिण्यातही तसाच बदल झाला; पण तो हजार शब्दांमागे एखाद्या शब्दाइतका. न विचारता हे केल्याबद्दल २०१४ मध्ये गदारोळ उठला आणि तो योग्यच होता. दुसऱ्या बाजूस, २०१८ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या १४३ विद्यार्थ्यांपैकी काहींनी तीन आठवडे प्रत्येक माध्यम दिवसातून दहा मिनिटांपुरतेच वापरले, तेव्हा त्यांचा एकटेपणा व खिन्नता कमी झाली. गंमत अशी की, 'आपल्यावाचून काही तरी घडते आहे' ही धास्ती दोन्ही गटांत घटली. ज्यांनी नेहमीसारखाच वापर चालू ठेवला त्यांचीही. आपण किती पाहतो याची नोंद ठेवणेच बहुधा गुणकारी ठरले.

सरासरीने फरक क्षीण असला, तरी सरासरीत न मावणारी मुले असतात. आणि ज्याला मुळातच एकटेपणा आहे त्याला तीच सुरी अधिक कापते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. घाटकोपरच्या किंवा मुलुंडच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहत असतील, तर त्या मुलाला दार लावून घेता येईल अशी एकच जागा असते, आणि ती त्याच्या तळहातावर असते. घरात ज्याविषयी बोलता येत नाही, ते बोलायला त्याला तेथेच कोणी भेटते. २०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट घराघरांत आले, तेव्हा हे दारही घराघरांत आले. ते हिसकावून घेणाऱ्या पालकांनी, आपण त्याऐवजी दुसरे कोणते दार देणार आहोत, याचा आधी विचार करावा.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात, मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ साली त्या गावाने ठरविले की, रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवायचे. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो आणि मनाई संपते. या योजनेतली मला आवडलेली गोष्ट अशी की, बंदी मुलांपुरती नव्हती, बापांनाही होती. अंधेरीत सात वाजता भोंगा वाजवून कोणी ऐकणार नाही. त्या वेळी अर्धी अंधेरी गाडीत असते. पण एका घरापुरता दीड तास पाळता येतो. रात्री सर्वांचे मोबाइल स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवता येतात, आणि गजराचे साधे घड्याळ विकत मिळते.

एवढ्याने भागणार नाही अशीही मुले असतात. दोन-तीन आठवडे झोप उडाली, जेवण तुटले, अभ्यास किंवा नोकरी सुटू लागली, जगण्याचा कंटाळा आल्याचे शब्द तोंडी येऊ लागले, तर मोबाइलवरून वाद घालत बसू नये, जाणकाराकडे जावे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेली मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करीत आहे, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली दूरध्वनीवर सल्ला देण्याची सेवा सुरू केली, आणि केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे, अहोरात्र चालते, आणि तेथे मराठीतून बोलता येते.